धनी कोण आणि अट कोणाची

आमच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात वर्षानुवर्षं एक ओळ होती: कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. डावीकडे भोगवटादार म्हणून वडिलांचं नाव आणि उजवीकडे ही ओळ. जमीन तुमची, पण विकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची किंवा भाडेपट्ट्यानं द्यायची, तर आधी सरकारची परवानगी काढा, असा तिचा अर्थ. रत्नागिरी जिल्ह्यात कुणब्यांच्या घरांतून तुम्ही सातबारे काढून बघितलेत, तर ही ओळ तुम्हाला जागोजागी भेटेल.

मी आयुष्यभर महाविद्यालयात संस्कृत शिकवलं. धर्मशास्त्रातला दायविभाग शिकवताना ‘स्वत्व’ म्हणजे काय, यावर मुलांपुढे तासन्‌तास बोलले आणि प्रत्येक वेळी मनात आमचा सातबारा होता. जिला परवानगी लागते तिला मालकी म्हणायचं का? आणि ती अट काढून टाकली की मालकी वाढते का? हा प्रश्न वकिलांवर सोपवून मोकळं व्हावं, असं पुष्कळांना वाटतं. मला तो आधी नीतीचा वाटतो. जमिनीवर माझा हक्क आहे असं मी म्हणते तेव्हा बाकीच्या सगळ्यांनी हात आखडता घ्यावा, असं मी सांगत असते. इतरांवर एवढं बंधन घालण्याचा अधिकार माझ्याकडे आला कुठून, हे सांगण्याची जबाबदारी मग माझीच.

आजोबा खोताचं कूळ होते. खोती म्हणजे सारा गोळा करून सरकारात भरण्याचा वतनी हक्क, पण कोकणात त्याची हळूहळू गावावरची हुकमत झाली. भात पिकलं की खोताची माणसं खाचराच्या बांधावर उभी राहून उभ्या पिकाचा अंदाज घेत. त्याला अभावणी म्हणत. त्यांनी जो आकडा धरला, त्यावर खोताचा वाटा ठरायचा. जमीन बघून अर्धल किंवा तिर्धल. पाऊस शेवटी शेवटी पडला आणि भात आडवं झालं तरी आकडा तोच. राब भाजणं, नांगरट, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, सगळं आमच्या घरानं केलं. कागद मात्र खोताच्या घरी.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात मांडलं की माणूस आपले श्रम जमिनीत मिसळतो, म्हणून ती त्याची होते. इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे, ही त्याची पुढची अट. त्याचा विचार वर्गात शिकवला जातो तेव्हा तो दूरच्या देशातला वाटतो. आमच्या गावात तो रोजचा वाद होता. श्रम ज्याचे त्याची जमीन, की कागद ज्याचा त्याची? कोकणातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी, नारायण नागू पाटलांच्या पाठबळावर, १९३३ पासून काही वर्षं खोतांची जमीन कसायला चक्क नकार दिला. उपासमार सोसली, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्याच जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. खोती नष्ट करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये झाला. त्याच्या आदल्या वर्षीचा कुळकायदा १९५६ मध्ये दुरुस्त झाला आणि त्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला. त्या दिवशी जो जमीन कसत होता, त्यानं ती विकत घेतली असं कायद्यानं मानलं. किंमतही कायद्यानंच बांधून दिली: सर्वसाधारण कुळासाठी आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीस पटीपेक्षा कमी नाही, दोनशे पटीपेक्षा जास्त नाही. मग किंमत ठरवणारी कलम ३२ ग ची चौकशी, हप्ते, आणि शेवटी खरेदीचा कलम ३२ म चा दाखला. तो दाखला वडिलांनी पत्र्याच्या पेटीत, देवाच्या कपड्यांखाली ठेवला होता.

एवढं सांगून थांबले तर माझी बाजू सोपी होईल. पण त्याच गावात खोताच्या घरात एक विधवा काकू होत्या. नवरा तरुणपणी गेला, मूल नाही, वर्षाचं भात येईल त्यावर त्यांचं पोट. कायद्यानं विधवा, अज्ञान आणि अपंग जमीनमालकांसाठी कुळाच्या खरेदीचा हक्क पुढे ढकलला होता, पण पुढे ढकलला म्हणजे टळला नव्हे. काकूंचं उत्पन्न शेवटी आटलंच. आकाराच्या पटीत बांधलेल्या किमतीवर म्हातारपण निघत नाही. त्यांनी कुणावर अन्याय केला नव्हता. त्या ज्या व्यवस्थेत सून म्हणून आल्या, ती अन्यायाची होती. माझ्या आईनं त्या गेल्या त्या वर्षापर्यंत सुगीला त्यांच्याकडे भात पोचवलं. वडिलांनी तिला कधी अडवलं नाही. कायद्यानं आमची बाजू घेतली ती योग्यच होती, असं मी ठामपणे म्हणते. पण योग्य गोष्ट करतानाही कुणाच्या तरी वाट्याला नुकसान येतं आणि त्याचं ऋण समाजावर उरतं, हे मला आईनं भात पोचवण्यातून शिकवलं.

सरकारनं एकाची मालकी काढून दुसऱ्याला दिली, तर मग मालकी म्हणजे सरकारची मेहेरबानी का? आज दिली, उद्या काढली? इथे मला दोन जुने ग्रंथ फार मोलाचे वाटतात.

पहिला ग्रंथ जैमिनीची पूर्वमीमांसा. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानानं आपलं सर्वस्व दान करायचं असतं. मीमांसकांपुढे प्रश्न आला की यजमान जर सार्वभौम राजा असेल, तर तो पृथ्वी दान देऊ शकेल का? जैमिनीचं उत्तर नाही असं आहे. पृथ्वी सगळ्यांना सारखीच आहे, राजाची ती खासगी चीज नाही. शबरस्वामींनी भाष्यात हा विचार उलगडला आणि पुढे सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी ‘व्यवहारमयूखा’त तो व्यवहाराला लावला: राज्य जिंकलं म्हणजे राजाला कर घेण्याचा अधिकार आला, लोकांची शेतं त्याच्या मालकीची झाली नाहीत. यज्ञाच्या एका तांत्रिक शंकेतून निघालेलं हे तत्त्व मला राज्यघटनेच्या तोलाचं वाटतं. राज्यकर्ता राखणदार आहे, धनी नाही.

दुसरा ग्रंथ विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य विक्रमादित्याच्या काळात, इसवी सन ११०० च्या आसपास लिहिलेली ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका. दायविभागाच्या सुरुवातीलाच विज्ञानेश्वर विचारतो: स्वत्व शास्त्रातून कळतं की लोकव्यवहारातून? एक पक्ष म्हणत होता की शास्त्र सांगेल तेव्हाच वस्तू तुमची होते. विज्ञानेश्वर तो पक्ष खोडून काढतो. त्याचा एक युक्तिवाद असा की ज्यांना शास्त्र ठाऊकच नाही अशा सीमेपलीकडच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, आपलं-परकं चालतं. तेव्हा स्वत्व लौकिक आहे. शास्त्र त्याला शिस्त लावतं, जन्म देत नाही.

हा निर्णय मला दोन्ही अंगांनी बांधून ठेवतो. मालकी राज्याच्या आधीची आहे, त्यामुळे ‘आम्ही दिली, आम्ही काढली’ असं कोणत्याही सरकारला म्हणता येत नाही. आणि ती लोकांच्या देवघेवीत जन्मते, त्यामुळे तिच्यात पहिल्यापासून इतरांचा वाटा असतो. एकट्यानं जगणाऱ्या माणसाला जमीन असू शकेल. मालकी असू शकत नाही, कारण ती मान्य करायला समोर कुणी नाही. मिताक्षरेत जमिनीचा व्यवहार करताना गावाची, भाऊबंदांची, शेजाऱ्यांची आणि दायादांची संमती सांगणारं जुनं वचन घेतलं आहे. विज्ञानेश्वर त्यातल्या गावाच्या संमतीचा अर्थ असा लावतो की ती व्यवहार सर्वांना ठाऊक व्हावा म्हणून आहे, आणि शेजाऱ्यांची संमती सीमेचे तंटे टळावेत म्हणून. गावानं नकार दिला म्हणून विक्री बुडत नाही. पण ती चोरून करायची नाही. नियम कशासाठी असावा याचं याहून नेमकं उत्तर मला आधुनिक ग्रंथांतही क्वचित दिसलं.

आता त्या अटीकडे येते. कुळाला जमीन दिली आणि विकायला बंदी घातली, हे का? त्याचं मूळ कुळकायद्याच्या कितीतरी आधीचं आहे. इंग्रजांनी रयतवारी पाहणी करून शेतकऱ्याच्या नावावर सर्व्हे नंबर लावला, तो विकण्याची मोकळीक दिली आणि शेजारी दिवाणी कोर्टही दिलं. कागदावर शेतकरी पूर्वीपेक्षा मोठा मालक झाला. पण विकता येणारी जमीन गहाणही पडते आणि गहाण पडलेली जमीन हुकूमनाम्यानं जातेही. ज्या मोकळिकीनं तो मालक झाला त्याच मोकळिकीनं सावकार त्याच्या शेतात आला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि पुणे-नगर भागात गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. त्यावर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. रोख्यावर काय लिहिलंय एवढंच न बघता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्यानं कोर्टाला दिला.

मग १९०१ मध्ये मुंबई सरकारनं जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं: काही जमिनी यापुढे नव्या शर्तीवर द्यायच्या, परवानगीशिवाय विकायच्या नाहीत. शेतकऱ्याला सावकारापासून वाचवायचं, हे सरकारचं कारण. फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि त्यांचे सहकारी यांनी कडाडून विरोध केला आणि शेवटी ते सभागृहातून उठून गेले. जमीन विकता येत नसेल तर शेतकऱ्याची पत काय राहिली, आणि तो मालक राहिला की सरकारचं कूळ झाला, ही त्यांच्या विरोधामागची चिंता होती. दोन्ही बाजू मी पुन्हा पुन्हा मनात तोलल्या आहेत. सरकार म्हणालं ते खोटं नव्हतं; बंधन नसेल तर दुबळ्याच्या हातून जमीन जाते. गोखले-मेहता म्हणाले तेही खोटं नव्हतं. बंधन घालणाराच मग धनी होऊन बसतो. ‘नवीन शर्त’ हा आमच्या तलाठ्याच्या तोंडचा शब्द त्या वादाचा वारस आहे.

आमच्या घरापुरतं सांगायचं तर, त्या अटीनं आम्हाला राखलं. धाकट्या काकांच्या आजारपणात वडील कर्जात बुडाले होते. त्या दिवसांत वरच्या आळीचा एक पैसेवाला रोज संध्याकाळी येऊन पडवीत बसायचा आणि खालचं खाचर विक, असं आडून सुचवायचा. वडील त्याला दरवेळी म्हणायचे, “माझ्या हातात न्हाय. कलेक्टरची परवानगी लागते.” नाही म्हणण्याची हिंमत गरिबाला नेहमीच पेलत नाही. कायद्यानं ते नाही त्यांच्या तोंडी आयतं घातलं होतं. त्या खाचरात आजही भात होतं.

पण परवानगीची दुसरी बाजूही मी डोळ्यांनी बघितली आहे. शेजारच्या एका कुटुंबाला मुलीच्या ऑपरेशनसाठी दहा गुंठे विकायचे होते. प्रांत कार्यालयाच्या खेपा सुरू झाल्या: आज साहेब नाहीत, उद्या अहवाल यायचाय, परवा मंडळ अधिकाऱ्याची सही राहिलीय. परवानगी हाती येईना, तेव्हा त्यांनी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून बाजारभावाच्या कितीतरी कमी पैशांत जमीन देऊन टाकली. अट तशीच राहिली, जमीन गेली, आणि अटीमुळे किंमतही गेली. परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर जेव्हा परवानगीलाच भाव येतो, तेव्हा संरक्षणाच्या नावाखाली एक नवी खोती उभी राहते. इथे मी गोखल्यांच्या बाजूला जाते.

२०१४ मध्ये ती अट सैल झाली. ३२ म चा दाखला मिळून दहा वर्षं झाली असतील तर विक्रीला आधी परवानगी लागणार नाही. आकाराच्या चाळीस पट नजराणा भरायचा. घेणारा शेतकरी असावा, कमाल जमीन धारणा आणि तुकडेबंदीचे कायदे मोडू नयेत, एवढंच. कोकणात आकार असतोच किती? एखाद्या तुकड्याचा आकार ३ रुपये असेल, तर नजराणा १२० रुपये. इतकी वर्षं ज्या ओळीनं कुळांची घरं बांधून ठेवली होती, ती एसटीच्या तिकिटाएवढ्या पैशांत पुसता येऊ लागली.

चांगलं झालं का? ज्या शेजाऱ्याचं मी वर सांगितलं, त्याच्यासारख्याला हा कायदा आधी मिळाला असता तर पुरी किंमत मिळाली असती. म्हणून मी या दुरुस्तीला वाईट म्हणणार नाही. पण अट उठली त्याच सुमारास आमच्या वाडीत दलाल फिरू लागले. त्यातला एक आमच्या पडवीत आला आणि त्यानं चटईवर गावाचा नकाशा पसरला. सर्व्हे नंबरांवर हिरव्या आणि लाल शाईच्या खुणा होत्या. हिरवे म्हणजे व्यवहार झालेले, लाल म्हणजे व्हायचे. आमच्या खाचराभोवती हिरवं होतं. तो भावाला दादा-दादा करत भाव सांगत होता. आई चुलीपासून उठून आली, नकाशाकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “या हिरव्यातून आमी जातो ती वाट कंची?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. नकाशात ती वाट नव्हतीच. ती पायांनी झालेली होती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीनं.

पुढच्या पावसाळ्याआधी त्या वाटेवर जांभ्या दगडाचा गडगा आणि वर तारेचं कुंपण आलं. जमीन ज्यानं घेतली त्यानं पैसे मोजून, नोंदणी करून, रीतसर घेतली होती. त्याच्या हक्काला मी नाव ठेवत नाही. पण त्याचा हक्क वाढला त्या दिवशी आमचा कमी झाला, कारण ज्या खाचरापर्यंत नांगर पोचत नाही त्याची मालकी काय चाटायची? आम्हाला वाट मिळाली ती १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमामुळे. वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढण्याचा अधिकार त्या जुन्या कायद्यानं तहसीलदाराला दिला आहे. म्हणजे एक बंधन गेलं म्हणून आमची मालकी धोक्यात आली आणि दुसरं एक बंधन शिल्लक होतं म्हणून ती वाचली. सरकारचे नियम आणि खासगी मालकी यांची जन्माची लढाई आहे, असं मानणाऱ्यांना मला एवढंच दाखवायचं आहे. मालकी नियमांची बनलेली असते. प्रत्येक नियम कुणाच्या तरी बाजूनं उभा असतो. तो काढला की ती जागा मोकळी राहत नाही, तिथे ज्याच्याकडे बळ आहे तो येऊन बसतो.

घराच्या आतही हेच घडतं. मिताक्षरेनं जन्मसिद्ध वाटा मुलाला दिला, मुलीला नाही. ज्या ग्रंथाचं मी इतकं मोठेपण सांगते, त्यात मी नव्हते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये कायदा दुरुस्त करून, ती दुरुस्ती लागू होण्यापूर्वी लग्न न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २००५ मध्ये केंद्रानं तो देशभर दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं येतो. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. हे सरकारनं खासगी मालमत्तेत केलेलं सरळसरळ नियमन आहे. भावांच्या दृष्टीनं त्यांचा वाटा घटला. बहिणींच्या दृष्टीनं पहिल्यांदाच त्यांना वाटा मिळाला. खाचरात लावणी बायका करतात, कमरेत वाकून, पावसात. लॉकचं श्रमाचं माप लावलं तर आमचं सगळं कोकण बायकांच्या नावावर व्हायला हवं होतं.

दलालाच्या नकाशानंतर माझ्यापुढे हक्कसोडपत्र आलं. त्यात भावांचा दुष्टावा नव्हता. बहिणीनं माहेरची जमीन मागू नये, ही रीत त्यांना घरातल्या तुळशीइतकी स्वाभाविक होती. मी सही केली नाही. मला त्यातला गुंठाही विकायचा नव्हता. पण सामाईक सातबाऱ्यावर माझं नाव असेपर्यंत ते खाचर आमच्याशी बोलल्याशिवाय जाणार नव्हतं, आणि आई जिवंत असेपर्यंत तिला तिथे भात लावायचं होतं. आम्ही भावंडं त्या विषयावर बसलो, भांडलो, परत बसलो. खाचर राहिलं, आणि रस्त्याकडेचा वरकस तुकडा सगळ्यांच्या संमतीनं, योग्य भावात विकून भावानं घर बांधलं. कायद्यानं मला जमीन दिली, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बोलण्याची जागा दिली.

शहरात याच प्रश्नाचं रूप वेगळं दिसतं. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतर आणि फाळणीनंतर छप्पर शोधणाऱ्या लाखो माणसांना त्यानं आधार दिला. पण ती तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था पन्नास वर्षं हलली नाही. घरमालकानं दुरुस्ती सोडली, चाळी कलल्या, आणि पावसाळ्यात माणसं ढिगाऱ्याखाली गेली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की हे गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही; मग १९९९ चा नवा कायदा आला आणि भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढू लागलं. उलट उदाहरण नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचं. १९७६ च्या त्या कायद्यानं मुंबईत ५०० चौरस मीटरवर मोकळी जमीन ठेवायला मनाई केली. जास्तीच्या जमिनीतून गरिबांसाठी घरं होतील, ही आशा होती. ती फारशी फळली नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रानं तो कायदा रद्द केला तेव्हा जमीन मोकळी होईल, घरं स्वस्त होतील, असं सांगितलं गेलं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे मुंबईत नोकरीला आहेत, ते आज विरार-बदलापूरहून ये-जा करतात. नियम घालताना दिलेलं वचन आणि नियम काढताना दिलेलं वचन, दोन्ही गरिबाच्याच नावानं दिली गेली, आणि दोन्ही वेळा हिशेब मागायला त्याला कुणी बोलावलं नाही.

मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं गेला. आता अनुच्छेद ३०० अ आहे, कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता काढता येणार नाही एवढं तो सांगतो. जमीन सुधारणांना कोर्टात अडवलं गेलं होतं, त्या इतिहासातून हे घडलं, आणि जिचं घर जमीन सुधारणेनं उभं राहिलं त्या मला ते समजतं. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या घरमालकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं म्हटलं, की प्रत्येक खासगी मिळकत ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, तेव्हा मला जैमिनीची आठवण झाली. राजाला पृथ्वी दान देता येत नाही, हा तोच विचार आहे. त्याच निकालानं काही खासगी साधनं समाजाची ठरू शकतात हेही नाकारलेलं नाही. त्यांचं स्वरूप काय, ती किती दुर्मीळ आहेत, थोड्यांच्या हाती एकवटली तर इतरांचं काय होईल, हे बघावं लागेल. विज्ञानेश्वराला हे पटलं असतं असं मला वाटतं.

मी जे शिकले ते सरळ सांगते. मालकीला नैतिक बळ येतं ते एकाच कारणानं: ती माणसाला बळवंतापुढे ताठ उभं राहू देते. सावकार, खोत, दलाल, सरकार, कुणीही दारात आला तरी त्याला ‘नाही’ म्हणता यावं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागेल असं ठरवलं, त्याचं मोल याच कारणानं आहे. आणि त्या संमतीला वळसा घालणाऱ्या वाटा ठेवल्या जातात, तिथे मालकीचा गाभाच पोखरला जातो. म्हणून नियम आणला किंवा काढला, तर माझा पहिला प्रश्न असतो की यानं कुणाचं ‘नाही’ बळकट झालं आणि कुणाचं मोडलं. मोठ्याच्या हाती अधिक आणि दुबळ्याच्या हाती कमी असा हिशेब निघाला, तर त्याला स्वातंत्र्य म्हणा की समाजवाद, मी विरोध करीन.

दुसरा आग्रह उघडेपणाचा. २०१४ ची दुरुस्ती झाली तेव्हा आमच्या ग्रामसभेत ती कुणी वाचून दाखवली नाही. ती आधी दलालांना कळली, मग शेतकऱ्यांना. ज्या ओळीनं घरं बांधली गेली होती ती उठणार असेल, तर ज्यांची ओळ आहे त्यांना आधी सांगितलं पाहिजे, त्यांच्या बायकांना आणि बहिणींनाही. वाटा, पाट, पाणवठे नोंदले गेले पाहिजेत, मगच विक्रीची मोकळीक. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाला विक्री गावाला ठाऊक व्हावी इतकं कळत होतं. संगणकावर सातबारा देणाऱ्या राज्याला ते अवघड नाही.

तिसरा आग्रह आम्हा मालकांकडे. जी जमीन आमच्याकडे आली ती दुसऱ्याचा हक्क कमी करून आली, कायद्यानं, न्यायानं, पण आलीच. आता पुढची माणसं आमच्याकडे बघणार: आमच्या बांधावर राबणारे नेपाळी गडी, बागेत आंबा उतरवणारे परजिल्ह्यातले मजूर, ज्यांच्या नावावर कुठेच काही नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आम्हाला हवी होती तेव्हा आम्ही दिली. ती आमच्या अंगणात कुणी दिली, तर ऐकून घेण्याची तयारी आमची असली पाहिजे, आणि त्यांना रहायला जागा, वेळेवर मजुरी, आजारपणात मदत देताना आम्ही उपकार करत नसून आमच्या मालकीवरचं जुनं देणं फेडत आहोत, हे मुलांना शिकवलं पाहिजे. मालकी राखण्याचा हक्क मी कुणासाठीही सोडणार नाही. पण ज्या समाजानं तो मान्य केला म्हणून तो हक्क झाला, त्या समाजातल्या सगळ्यात शेवटच्या माणसालाही आपलं म्हणता येईल असं काहीतरी मिळेपर्यंत, माझ्या सातबाऱ्यावरचं माझं काम संपलेलं नाही.